हिवाळ्यातही बदकांची अंडी मिळवा



धान कापून खळ्यावर आले, दिवाळी झाली, की भंडारा-गोंदिया-गडचिरोली भागातल्या बदके पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. "साहेब, पावसाळ्यात टोपलीभर अंडी देणारी बदके आता नुसती बसून खातात." कोणी म्हणतो थंडी बाधली, कोणी म्हणतो नजर लागली, तर कोणी वैतागून बदके बाजारात नेऊन विकतो. तळकोकणात खाडीकाठी आणि खलाटीत बदके ठेवणाऱ्या कुटुंबांचेही म्हणणे याहून वेगळे नसते.

यातली खंत अशी की, अंड्याला गिऱ्हाईक जास्त असते ते हिवाळ्यातच. श्रावणात मंदावलेली मागणी थंडीत वाढते आणि भावही चढतो. नेमक्या त्याच वेळी आपली टोपली रिकामी राहते. अंड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातचा असतो. त्यातून मुलांच्या वह्या येतात, तेल-मीठ येते, अडीअडचण भागते. तुमच्याकडे दहा माद्या आहेत असे धरा. हिवाळ्यात रोज सहाऐवजी दोनच अंडी मिळाली, तर दिवसाला चार अंड्यांची तूट आली. तीन महिन्यांत हीच तूट ३६० अंड्यांवर जाते. ही तूट टाळणे आपल्या हातात आहे आणि त्याला मोठा खर्चही नाही.

थंडी हे खरे कारण नव्हे

पहिली गोष्ट मनात पक्की करा. आपल्याकडच्या थंडीने बदक अंडी देणे थांबवत नाही. बदकाच्या वरच्या पिसांना तेलाचा हात असतो आणि त्याखाली मऊ लवीची दुलई असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तसल्या कडाक्यातही अंग कोरडे आणि पोट भरलेले असलेले बदक तग धरते. अंडी थांबतात ती तीन कारणांनी: दिवस लहान होतो, शिवारातला चारा संपतो आणि खुराडे ओलसर राहते. या तिन्हींवर उपाय आहेत. पण त्याआधी एक खात्री करून घ्या.

अंडी बंद झाली आहेत की हरवत आहेत?

बदक कोंबडीसारखे दिवसभर केव्हाही अंडे देत नाही. बहुतेक सगळी अंडी पहाटेपासून सकाळी नऊच्या आत पडतात. उजाडताच खुराड्याचे दार उघडले, की बदके धावत बोडीवर जातात आणि अंडे पाण्यात, धुऱ्यावर नाही तर तणसाच्या ढिगाआड पडते. ते कोल्ह्या-मुंगसाच्या, नाही तर कावळ्याच्या वाट्याला जाते. घरधनी मात्र म्हणतो, बदके अंडी देत नाहीत.

म्हणून आठ दिवस एवढेच करून पाहा. सकाळी नऊपर्यंत दार उघडू नका. आत एका कोपऱ्यात, थोड्या अंधाऱ्या जागी, एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट खोल अशी खोकी ठेवा. दर तीन माद्यांमागे एक खोके पुरते. त्यात कोरडे तणस घाला. काही घरांत एवढ्यानेच टोपलीत अंडी दिसू लागतील. तरीही अंडी नसतील, तर पुढचे वाचा.

उजेडाचे गणित

पक्ष्याचे अंडे देणे दिवसाच्या लांबीशी बांधलेले असते. उजेड डोळ्यांतून आणि कवटीच्या पातळ हाडातून मेंदूपर्यंत पोचतो. तेथून मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला निरोप जातो आणि ती ग्रंथी अंडाशयाला कामाला लावते. दिवस मोठा असला म्हणजे शरीर समजते की पिल्ले वाढवण्याचा हंगाम आहे. दिवस आखडला की तेच शरीर काम बंद करते. पक्ष्याच्या दृष्टीने यात शहाणपणच आहे, पण आपल्या टोपलीला ते परवडत नाही.

अंडी देणाऱ्या बदकाला दिवसाचे एकूण चौदा ते सोळा तास उजेड लागतो. गोंदियाकडे जूनमध्ये दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो. डिसेंबरच्या अखेरीस तो जेमतेम पावणेअकरा तासांचा राहतो. ही तीन-सव्वातीन तासांची तूट दिव्याने भरून काढायची आहे.

पद्धत सोपी आहे. दसरा झाला की खुराड्यात दिवा लावा. सुरुवातीला तो पहाटे साडेपाचला लावायचा. पुढे दर पाच-सहा दिवसांनी अर्धा तास अलीकडे यायचे: पाच, मग साडेचार, मग चार. नरकचतुर्दशीला तुम्ही अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठाल, तोवर बदकांचा दिवा चारवर आलेला असेल. पहाटे चारपासून संध्याकाळच्या संधिप्रकाशापर्यंत चौदा तास भरतात. चांगले उजाडले की दिवा बंद करावा.

दिवा पहाटे लावा असे मी मुद्दाम सांगतो. संध्याकाळचा दिवा एकदम विझला, की बदके अंधारात दचकतात आणि कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढतात. पहाटेच्या दिव्यामागून मात्र आपोआप सूर्य येतो.

उजेड किती हवा? खुराड्यात जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचता यावे इतका पुरे. सहा फूट बाय सहा फुटांच्या खुराड्याला नऊ वॅटचा एक एलईडी बल्ब खूप झाला. पिवळसर उजेडाचा चालतो. तो सुमारे सात फुटांवर टांगा. छप्पर ठेंगणे असेल तर बदकांची चोच आणि पाणी पोचणार नाही असा जाळीच्या आड बसवा. आता खर्च पाहा. नऊ वॅटचा बल्ब रोज तीन तास लावला, तर महिन्याला एक युनिटसुद्धा वीज लागत नाही.

दिव्याबाबत चार गोष्टी पाळा. एक, वेळ रोज तीच ठेवा. आज चारला, उद्या सहाला, परवा विसरलो, अशाने फायद्याऐवजी तोटाच होतो. पहाटे उठणे जमत नसेल, तर ठरल्या वेळी दिवा लावणारे टायमर बसवून घ्या. दोन, विजेचा भरवसा नसेल तर सौर कंदील वापरा. तणस पसरलेल्या खुराड्यात रॉकेलचा कंदील किंवा चिमणी मुळीच ठेवू नका. एका धक्क्याने सगळे जळून जाईल. तीन, संक्रांतीनंतर दिवस वाढतो म्हणून लगेच दिवा काढू नका. अक्षय तृतीयेपर्यंत दिवस बराच मोठा होतो, तेव्हा आला तसाच, हळूहळू तो कमी करा. चार, पाच महिन्यांच्या आतल्या वाढत्या पिल्लांना हा जादा उजेड देऊ नका. अंग भरण्याआधी अंड्यावर आलेली मादी लहान अंडी देते आणि पुढे लवकर थकते.

बांधीतला दाणा केव्हा संपतो?

दिवा लावला आणि पोट रिकामे ठेवले, तर अंडे कोठून येणार? आपल्याकडे खरी गोम येथे आहे.

पावसाळ्यात बांध्या भरलेल्या असतात. गोगलगाई, किडे, बेडकांची पिल्ले, गांडुळे, पाणवनस्पती अशी बदकांची चैन असते. कार्तिकात धान कापले की बांधीत सांडलेला दाणा मिळतो. या दिवसांत बदके गुबगुबीत होतात आणि आपल्याला वाटते की हिवाळाभर असेच चालेल. पण मार्गशीर्ष सरता सरता बांध्या सुकतात, भुईला भेगा पडतात, दाणा वेचून संपतो आणि किडे दिसेनासे होतात. बदक दिवसभर हिंडून अर्धपोटी परत येते. बाहेर सोडले आहे म्हणजे खात असेल, या भरवशावर आपण राहतो, आणि अंडी नेमकी तेव्हाच थांबतात.

संध्याकाळी बदक परतले की त्याच्या गळ्याखाली हात लावून पाहा. अन्ननळीचा भाग भरलेला, टणक लागला तर चरणे पुरेसे झाले. मऊ, रिकामा लागला तर घरून खाद्य द्यायची वेळ आली. पूर्ण बांधून ठेवलेल्या, अंड्यावरच्या खाकी कॅम्पबेल बदकाला रोज १२० ग्रॅम किंवा त्याहून थोडे जास्त खाद्य लागते. चरायला जाणाऱ्या बदकाला संध्याकाळी पन्नास-साठ ग्रॅमपासून सुरुवात करावी. बांध्या सुकत जातील तसे प्रमाण वाढवत न्यावे.

नुसती कणी किंवा नुसता कोंडा घालून भागत नाही. त्याने पोट भरते, चरबी चढते, पण अंड्याचा पांढरा बलक ज्यातून होतो ती प्रथिने मिळत नाहीत. घरच्या घरी दहा किलो खाद्य असे करता येईल:

तांदळाची कणी किंवा मक्याचा भरडा: साडेचार किलो
तांदळाचा बारीक कोंडा: दोन किलो
सोयाबीनची पेंड: दोन किलो
सुक्या मासळीचा चुरा: ८०० ग्रॅम
शिंपल्यांचा चुरा: ६०० ग्रॅम
खनिज मिश्रण: १०० ग्रॅम

सुकी मासळी खारवलेली असेल तर वेगळे मीठ घालू नका. सोयाबीनची पेंडच घ्या. कच्चे सोयाबीन दळून घालू नका, ते पचत नाही. खाद्य पाण्याने भिजवून, मुठीत धरले तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतपत ओले करून द्या. भिजवलेले खाद्य त्याच दिवशी संपवा. याशिवाय शिंपल्यांचा चुरा एका वेगळ्या पसरट भांड्यात कायम भरून ठेवा. ज्या मादीला गरज असते ती बरोबर त्यातून उचलते. कवच पातळ येत असेल तर पहिला उपाय हाच.

हिरव्या चाऱ्यासाठी परसातल्या खड्ड्यात अझोला वाढवा. बदके तो आवडीने खातात. कोबी-मुळ्याचा पालाही बारीक चिरून देता येतो.

बुरशी लागलेले खाद्य म्हणजे विष

घरातल्या सगळ्यांनी ही सूचना लक्षात ठेवावी. बुरशीच्या विषाला बदक कोंबडीपेक्षा फार लवकर बळी पडते. पावसाळ्यात दमट जागी राहिलेली भुईमुगाची पेंड आणि ओलसर मका यांवर जी बुरशी धरते, तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर घाला घालते. आधी अंडी घटतात, मग बदक मलूल होते आणि पुढे मरते. उन्हात वाळवल्याने बुरशी दिसेनाशी होते, पण विष जात नाही. म्हणून बदकांना भुईमुगाची पेंड शक्यतो घालूच नका. मका, कणी वास घेऊन पाहा. कुबट वास आला तर उकिरड्यावर टाका. चार रुपये वाचवण्यासाठी कळप घालवू नका.

पाणी: पोहायला नको, डोके बुडवायला हवे

बदकाला तळे हवेच असे नाही. अंडी देण्यासाठी पोहण्याची गरज नसते. पण चोच, नाकपुड्या आणि डोळे धुता येतील इतके खोल पाणी मात्र लागते. पाच-सहा इंच खोल घमेले किंवा अर्धे कापलेले पिंप चालते. बदक एक घास खाद्य आणि एक घोट पाणी असे खाते. म्हणून पाण्याशिवाय खाद्य कधीही ठेवू नका, घास घशात अडकतो. कडाक्याच्या थंडीत पहाटे रात्रीचे गार पाणी ओतून टाका आणि विहिरीचे ताजे, कोमट पाणी भरा. पाणी भरपूर प्यायले की खाणेही वाढते.

पाण्याचे भांडे खुराड्यात ठेवायचे असेल, तर ते जाळीच्या चौकटीवर ठेवा आणि खालचे पाणी बाहेर जाईल अशी चर काढा. बदके पाणी उडवतात आणि त्यानेच सारा बिछाना भिजतो.

कोरडा बिछाना

बदक पाण्यातला पक्षी आहे, म्हणून त्याला ओले आवडते अशी समजूत आहे. ती रात्रीपुरती तरी सोडून द्या. रात्री ओल्या जमिनीवर बसलेल्या बदकाची ताकद अंग गरम ठेवण्यात खर्च होते, आणि मग अंड्यासाठी काही उरत नाही. एका बदकाला तीन ते चार चौरस फूट जागा धरा. म्हणजे दहा बदकांना सहा फूट बाय सहा फुटांचे खुराडे पुरते. खाली चार बोटे धानाचा तूस आणि वर तणस पसरा. रोज सकाळी वरचा थर हलवून घ्या, भिजलेला भाग काढा आणि वरून नवे घाला. काढलेला बिछाना उत्तम खत होतो.

उत्तरेकडच्या बाजूला पोत्याचा किंवा तट्ट्याचा आडोसा करा. मात्र खुराडे चहूकडून बंद करू नका. वरच्या बाजूला हात-दीड हात जाळी उघडी ठेवा. आत शिरताच डोळे चुरचुरले, तर हवा कोंडली आहे असे समजा. जाळी मजबूत आणि दार पक्के हवे. हिवाळ्याच्या लांब रात्री रानमांजर आणि कोल्हा फिरत असतात.

बदक फार भित्रे असते. दिवाळीत खुराड्याजवळ फटाके फोडू देऊ नका. कुत्रे अंगावर सोडू नका. अंड्यावर आलेली बदके एका जागेवरून दुसरीकडे हलवू नका. मोठ्या घाबरण्यानंतर काही दिवस अंडी बंद राहणे हे नेहमीचेच आहे.

मादी कोणती, वय किती?

सगळे केले तरी म्हातारे किंवा चुकीच्या जातीचे बदक हिवाळ्यात टोपली भरणार नाही. तोंडावर लाल गाठी असलेले, जाड अंगाचे, फारसे न ओरडणारे बदक अनेक घरांत असते. ते मस्कव्ही जातीचे. मांसाला चांगले, पण अंडी बेताची. अंड्यासाठी खाकी कॅम्पबेल उत्तम. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायरच्या अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी इंडियन रनर जातीच्या संकरातून ही जात काढली आणि १९०१ च्या सुमारास तिला आजचा खाकी रंग मिळाला. परसात बदके पाळणाऱ्या एका गृहिणीचे हे काम आज जगभर चालते आहे. बंगळुरूजवळ हेसरघट्टा येथील केंद्र सरकारच्या कुक्कुट संस्थेने आपल्या देशात या जातीचा प्रसार केला. उत्तम व्यवस्थेत ही मादी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देऊ शकते आणि अंडे ६५ ते ७० ग्रॅम भरते. परसात त्याहून कमी मिळतील, पण देशी बदकापेक्षा खात्रीने जास्त. ही मादी खुडूक बसत नाही. तिची अंडी कोंबडीखाली ठेवून २८ दिवसांत पिल्ले काढता येतात.

पिल्लू साधारण पाच महिन्यांनी अंड्यावर येते. म्हणून हिवाळ्यात अंडी हवी असतील तर पिल्ले वैशाख-ज्येष्ठात आणा. पहिल्याच वर्षाची मादी हिवाळ्यात सहसा थांबत नाही. दुसऱ्या वर्षीही ती चांगली चालते. तिसऱ्या वर्षानंतर कळपात नवी भर घाला.

मादीच्या अंगावरून पिसे झडताना दिसली, तर ती पिसे बदलते आहे असे समजा. त्या दीड-दोन महिन्यांत दिव्याने अंडी मिळणार नाहीत. तिला चांगले खाद्य द्या आणि नवी पिसे येऊ द्या. त्यानंतर ती पुन्हा सुरू होते.

नराची ओळख सोपी आहे. शेपटीवरचे पीस वर वळलेले असते आणि आवाज घोगरा असतो. मोठ्याने ओरडते ती मादी. नुसती खायची अंडी हवी असतील तर नराची गरज नाही. पिल्ले काढायची असतील तर सहा-सात माद्यांमागे एक नर ठेवा. जास्तीचे नर माद्यांना त्रास देतात आणि खाद्यही खातात.

पाहुण्या पक्ष्यांपासून दूर

हिवाळ्यात नवेगावबांधसारख्या मोठ्या जलाशयांवर आणि गावोगावच्या मामा तलावांवर दूरदेशीची रानबदके उतरतात. पाहायला ती सुंदर असतात, पण त्यांच्यातून बर्ड फ्ल्यूचा विषाणू येऊ शकतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीसह काही जिल्ह्यांत काय झाले ते आपण पाहिले आहे. बदक आजारी न दिसताही हा विषाणू बाळगू शकते आणि मग शेजारच्या कोंबड्या मरतात. म्हणून जेथे रानबदकांचे थवे बसतात त्या तलावावर या दिवसांत आपली बदके सोडू नका. घराजवळची बोडी किंवा परसातला खड्डा पुरे. एकाएकी एकापेक्षा जास्त पक्षी मेले तर ते नाल्यात फेकू नका, कापून खाऊ नका, ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बदकांचा प्लेग आणि कॉलरा यांच्या लसी कधी टोचायच्या, हेही तेथेच विचारून ठेवा.

अंडी विकताना आणि खाताना

अंडी साडेआठ-नऊच्या आत गोळा करा. मळकी अंडी कोरड्या फडक्याने पुसा. पाण्यात भिजत घालू नका, घाण छिद्रांतून आत शिरते. बदकाचे अंडे अर्धेकच्चे खाऊ नये. चांगले दहा-बारा मिनिटे उकडावे, विशेषतः लहान मुलांसाठी आणि गरोदर बाईसाठी.

शेवटी एक काम घरातल्या शाळकरी मुलाकडे सोपवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली त्या दिवशीच्या अंड्यांचा आकडा लिहायचा. ज्या आठवड्यात आकडा घसरेल त्या आठवड्यात काय बदलले ते पाहा. दिवा चुकला, खाद्य बदलले, बिछाना भिजला की कुत्रे शिरले, कारण तेथेच सापडेल. माझ्या तीस वर्षांच्या फिरतीत ज्या घरात असा आकडा लिहिला जातो, त्या घरात बदके सहसा नुसती बसून खात नाहीत.

दसऱ्याला दिवा, मार्गशीर्षात खाद्य आणि हिवाळाभर कोरडे तणस, या तीन गोष्टी सांभाळा. पौषातही टोपली रिकामी राहणार नाही.